कानाच्या मशीनचा ड्रायव्हर

आमच्या नातेवाइकांत आता हे पक्कं झालं आहे की माझ्या बायकोला कानाचं मशीन आवडत नाही. लग्नाकार्यात भेटले की लोक तिच्याशी हातवारे करून बोलतात आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात, "सरांनी एवढं मशीन आणून दिलंय, पण काकू घालतील तर शपथ." मी हसतो. मान हलवतो. पंगतीत पुढचा पदार्थ येईपर्यंत हा विषय संपलेला असतो.

ही गोष्ट त्यांना सांगितली मी. पुण्याला असलेल्या मुलीलाही मीच सांगितली. "तिच्या मनात नाही गं. हट्टी आहे तुझी आई." त्यावर मुलगी फोनवर आईला बरंच रागावली. पण ते रागावणंही आईला ऐकू आलं नाही. ती आपली "हां, हां, जेवलो आमी" म्हणत राहिली.

यातलं काहीच खरं नाही. मी पंचाहत्तरी ओलांडली आहे, आणि माझ्या पश्चात हेच खरं म्हणून राहील असं दिसतं. म्हणून लिहून ठेवतो आहे.

मी शेवगावच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. निवृत्तीच्या आसपास मला कॉम्प्युटरचा नाद लागला, तो मराठीमुळेच. इतरांच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं तुटायची, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसायच्या. कोणीतरी मला लिनक्स दाखवलं, विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली. तिथे मराठी नीट उमटत होतं, शिवाय ते मोफत होतं आणि व्हायरसची भीती नव्हती. मी विंडोज काढून टाकलं आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं गावात ज्याला-त्याला त्याविषयी भाषण देत राहिलो. एसटी स्टँडजवळ दाखले आणि अर्ज भरून देणारा एक सेवा केंद्रवाला आहे, त्याला तर मी इतकं ऐकवलं की मला येताना पाहून तो मोबाईल कानाला लावायचा.

बायको माहेरची काष्टीच्या बाजूची. गावापासून लांब वस्तीवर घर, ऊस, कांदा, दावणीला जनावरं. सातवीपर्यंत शाळा. तिची धाकटी बहीण तिकडेच काष्टीत दिलेली. या दोघी बहिणींचा रोज सकाळी फोन असायचा. तिकडे धारा काढून झाल्या आणि इकडे माझी आंघोळ झाली की हिचा फोन सुरू व्हायचा. कोणाची गाय व्याली, कोणाच्या सुनेनं काय केलं, कांदा चाळीत ठेवला की विकला. मी पेपर वाचत बसलेला असायचो आणि मधूनच ही खुदखुदून हसायची. तिच्या दिवसातलं हे एक तिचं स्वतःचं असं होतं. बाकी सगळा दिवस माझा होता म्हटलं तरी चालेल.

कान गेले ते हळूहळू. आधी दारावरची बेल, मग टीव्ही, मग फोन. फोनवर ती "काय?" म्हणायची, बहीण ओरडायची, ही पुन्हा "काय?" म्हणायची. शेवटी बहिणीनं फोन मला करायला सुरुवात केली. "दाजी, आक्काला सांगा, आमच्या थोरलीचं जमलं." मी ते आत जाऊन ओरडून सांगायचो. पण एका वाक्यात. दोघी बहिणी त्याच बातमीवर अर्धा तास काढायच्या, तो अर्धा तास मी कुठून आणणार?

मग नगरला नेऊन मशीन घेतलं. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आम्ही अजून नगरच म्हणतो. तिथल्या एका गल्लीत एक मशीनवाला होता, शांत माणूस. त्यानं हिला काचेच्या खोलीत बसवलं, वेगवेगळे आवाज ऐकवले, मग एका छोट्या डबीला वायर लावून मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि बराच वेळ कमीजास्त करत बसला. बाहेर आल्यावर ही रस्त्यात थांबली. म्हणाली, "माझ्या बांगड्या वाजत्यात." दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाला. दोन-अडीच वर्षं चांगली गेली.

लॉकडाऊननंतर त्या मशीनवाल्याचं दुकान बंद झालं. मी शेवटचा गेलो तेव्हा तो सामान बांधत होता. कंपनीनं इकडचं काम गुंडाळलं होतं. त्यानं ती वायरची डबी आणि एक सीडी माझ्या हातात ठेवली. "सर, तुम्हाला कॉम्प्युटरचा नाद आहे. तुमच्याकडेच राहू द्या. पुढंमागं मशीन ॲडजस्ट करायची वेळ आली तर उपयोगी पडेल. पण हे जुन्या विंडोजवरच चालतं, बरं का."

मी म्हटलं, "बघू."

वेळ आलीच. हिचा कान आणखी उतरला, मशीन शिट्टी मारायला लागलं, फोनवर शब्द कळेनात. नगरच्या दुसऱ्या दोन दुकानांत विचारलं. त्या कंपनीचं आम्ही करत नाही, नवीन घ्या, असं म्हणाले. बायकोच म्हणाली, "नवं कशाला? हेच जरा कमीजास्त करा की. चांगलं हुतं ते."

त्याच आठवड्यात सेवा केंद्रवाला म्हणाला, "सर, काकूंना घेऊन या. माझ्याकडं कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्युटर पडलाय, जुन्या विंडोजचा. जुन्या प्रिंटरसाठी ठेवलाय. लावू हितंच, एका दुपारचं काम."

त्या वेळी मी हो म्हणायला हवं होतं. जे काय लिहायचं आहे त्यातलं पहिलं हे. मी त्याला म्हणालो, "माझ्या घरी लिनक्सवर होईल." त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मोबाईल कानाला लावला.

ड्रायव्हर म्हणजे काय, ते आधी सांगतो. कॉम्प्युटरला बाहेरून एखादी वस्तू जोडली की त्या वस्तूची भाषा कॉम्प्युटरला कळावी लागते. मध्ये एक दुभाषा लागतो. कंपनी तो दुभाषा सीडीत भरून देते, पण ज्या प्रणालीसाठी त्यांना द्यावासा वाटतो तिच्यासाठीच. माझ्या प्रणालीसाठी त्यांनी दिलेला नव्हता. मी हे बायकोला समजावलं, कानाशी तोंड नेऊन, मोठ्यानं. "ड्रायव्हर नाही म्हणून अडलंय."

ती म्हणाली, "डायवर कशाला? आपल्याकडं गाडी कुठं हाय?"

ही गोष्ट बहिणीपर्यंत पोचली, कशी ते मला ठाऊक नाही. तिचा फोन आला की पहिला प्रश्न तोच. "दाजी, डायवर आला का? का गाडी घिऊन पळाला?"

मी दुपारी बसायचो. जेवण झालं की हिच्या कानातून मशीन काढून घ्यायचं, वायरीला लावायचं आणि पडद्यासमोर बसायचं. डबी जोडली की पडद्यावर एक ओळ उमटायची, कोणीतरी आलं आहे अशी, आणि पुढे दोन आकडे, ती वस्तू कोणत्या कंपनीची आणि कुठली ते सांगणारे. डबीच्या पोटात जी चिप होती तिची भाषा माझ्या कॉम्प्युटरला येत होती. पण कंपनीनं तिच्यावर स्वतःचा आकडा डकवला होता, म्हणून कॉम्प्युटर तिला ओळखच देईना. हे समजायलाच मला कित्येक दुपारी लागल्या. दूरदेशीच्या एका माणसानं कुठल्याशा भलत्याच यंत्रासाठी इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं की ड्रायव्हरला सांगा, हा आकडाही तुझाच समज. मी त्याची ओळ अक्षर-अक्षर उतरवली. आकडा बदलून दिला. दार उघडलं, तर आतून उत्तर आलं, परवानगी नाही. परवानगी कशी द्यायची ते शोधलं. मग सीडीतला प्रोग्राम, तो तर विंडोजचा. आपण विंडोजच आहोत असं सोंग करणारा दुसरा एक प्रोग्राम मिळतो, त्याच्या आत तो चालवायचा. चालला, पण अक्षरांच्या जागी चौकोन. चौकोन गेले, तर डबी सापडेना. सोंग करणाऱ्याला डबी कुठल्या नावानं दाखवायची ते वेगळंच.

त्या दुपारींचा थकवा मला अजून आठवतो. डोळे चुरचुरायचे, पाठ आखडायची आणि एवढं करून दिवसअखेर परिस्थिती सकाळी होती तीच. पण लिहिताना मला माझा थकवा आठवतो आहे, हेच खटकतं. माझ्या मागे खाटेवर ती बसलेली असायची, मशीनशिवाय. म्हणजे संपूर्ण शांततेत. कधी शेंगा फोडत, कधी नुसतीच. अधूनमधून विचारायची, "झालं का?" मी हात वर करून थांब म्हणायचो. मशीन शिट्टी मारत होतं हे खरं, पण निदान काहीतरी ऐकू येत होतं. ते काढून घेऊन मी महिनाभर रोज दुपारी वायरीला टांगून ठेवलं. ती कधी मागायला आली नाही.

एके दिवशी जमलं. पडद्यावर कानाचं चित्र आलं, त्याखाली पट्ट्यांची रांग, कुठला आवाज किती उचलायचा ते दाखवणारी. नगरच्या त्या माणसानं हिच्यासाठी बसवलेली रांग होती ती. मी मोठ्यानं हाक मारली. ती स्वयंपाकघरात होती, तिला अर्थात ऐकू आली नाही.

तेवढ्यात प्रोग्रामनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. खाली दोन बटणं. महिनाभर मी अशा प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत आलो होतो, कारण हो म्हटल्याशिवाय पुढे सरकतच नव्हतं. मी हो दाबलं. रांग हलली आणि सगळ्या पट्ट्या भलत्याच जागी जाऊन बसल्या. प्रश्न असा होता की नव्यानं हिशेब करू का. त्याच्याजवळ हिच्या कानाची काहीच माहिती नव्हती, त्यामुळे त्यानं कुठल्याही कानाला लावावा तसा हिशेब लावला. जुनी रांग मी उतरवून घेतलेली नव्हती. नगरच्या त्या माणसाचा कॉम्प्युटर कुठे गेला कोण जाणे.

मशीन कानात घातल्यावर ती म्हणाली, "तुमचा आवाज पत्र्याच्या डब्यातनं आल्यावानी येतोय."

मी म्हणालो, "नवीन सेटिंग आहे. सवय होईल."

लिहायचं आहे त्यातलं हे दुसरं.

मग मी ठरवलं की आपणच तपासणी करू आणि आपणच बसवू. तिला ओठ दिसू नयेत म्हणून तिच्या पाठीमागे खुर्ची घेतली. मी एकेक शब्द म्हणायचा, तिनं तो परत म्हणायचा, चुकला की बारीक आवाजाच्या पट्ट्या थोड्या वर. शब्द मी निवडले, मराठीच्या मास्तरासारखे. मशीन खरंच चांगलं चालत असेल तर ण आणि न यांतला फरक ऐकू आला पाहिजे, असं मला वाटलं. म्हणून ण असलेले शब्द मुद्दाम घेतले.

ती चुकत होती. एखादा बरोबर, मग लागोपाठ चूक. मी पट्ट्या वर ढकलत गेलो. रोज थोड्या. चुका काही कमी होईनात. उलट तिच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. पेपरची घडी घातली तरी ती दचकायची. भांडं ठेवलं की डोळे मिटून घ्यायची. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी मशीन काढून ठेवायची. मी म्हणायचो, काढू नको, सवय होणार कशी? ती परत घालायची.

शेवटी एक दिवस तिनं ते काढून मिसरीच्या डबीत ठेवलं. मिसरी लावणं मी तिला लग्नानंतर दोन-तीन वर्षांत सोडायला लावलं होतं. डबी तिनं जपून ठेवली होती, स्टीलची, बोटभर उंचीची. झाकण लावलं आणि म्हणाली, "डोकं उठतं. राहू द्या आता."

त्यानंतर मी लोकांना सांगायला सुरुवात केली की ती घालत नाही.

बहीण आली ती अशीच, न सांगता. तिचा नवरा घोडेगावच्या बाजारात गाय बघायला आला होता. ती त्याच्याबरोबर टेम्पोतून घोडेगावपर्यंत आणि तिथून एसटीनं पुढे शेवगावला. मी विचारलं, काष्टीत एवढा मोठा बाजार भरतो, तो सोडून घोडेगावला कशाला?

"काष्टीच्या बाजारात सगळी वळकीची, दाजी. लाजंखातर भाव पाडता येत न्हाई."

आल्या-आल्या ती बहिणीच्या गळ्यात पडली, मग शेजारी बसून ओरडायला लागली. पाचच मिनिटांत दमली. "मशीन कुठं हाय गं?" हिनं नुसता हात हलवला.

मी म्हणालो, "हट्टी आहे तुझी बहीण."

"ही? आन् हट्टी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमच्यासंगं इतकी वर्सं राहिली ती. हट्टी असती तर राहिली असती का?" मग हसली. "डायवर आला म्हनत हुता न्हवं? दाखवा तरी कसं करताय."

मला दाखवायचंच होतं. मी काय काय केलं आहे ते कोणीतरी बघावं, असं फार दिवस वाटत होतं. मिसरीच्या डबीतून मशीन काढून हिच्या कानात घातलं, वायर जोडली, पडदा बहिणीकडे फिरवला. मी मागे खुर्चीत बसलो. ती समोर खाटेवर पाय वर घेऊन.

"पाणी," मी म्हणालो.

"पानी," ही म्हणाली.

मी पट्टी वर सरकवली. "लोणी."

"लोनी."

पुन्हा वर. "वेणी."

"येनी."

"कणीस."

हिनं कपाळाला हात लावला. "कनीस."

"बघितलंस?" मी बहिणीला म्हणालो. "चार शब्द, चारही चूक."

बहीण माझ्याकडे, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत होती. "काय चुकलं, दाजी? बरूबर सांगती की ती."

"बरोबर कुठं? मी पाणी म्हटलं. ती पानी म्हणाली."

"मंग? पानी म्हंजी पानीच की. आमच्याकडं दुसरं कंचं पानी हाय?"

पुढचा शब्द येईना म्हणून ही मागे वळली. आम्हाला काहीतरी झालं आहे हे हिच्या लक्षात आलं. "काय झालं?" तिनं विचारलं.

बहीण तिच्या कानाशी वाकून ओरडली, "हे तुला नापास करत हुते. पानी म्हनलीस म्हनून."

ही पुन्हा पुढे तोंड करून बसली. मग म्हणाली, "ते तर पयल्यापास्नंच करत्यात. त्यात नवं काय?"

बहीण हसता हसता आडवी झाली. हीसुद्धा हसली. मी माउसवर हात ठेवून बसलो होतो.

तो हात मी काढू शकलो नाही, कारण एक जुनी गोष्ट आठवली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमच्या शाळेचे हेडमास्तर सपत्नीक घरी आले होते. ही बाहेर आली आणि त्यांना म्हणाली, "पानी घ्या." मी खुर्चीतूनच म्हणालो, "पाणी." हेडमास्तर हसले, त्यांच्या मंडळी हसल्या, मीही हसलो. त्यानंतर ती पाहुण्यांसमोर तांब्या-भांडं नुसतं आणून ठेवायची, तोंडानं काही म्हणायची नाही. मला वाटायचं, ही मुखदुर्बळ आहे. चारचौघांत बोलत नाही म्हणून मी तिला कधीकधी टोकायचोही. घरात व्हयचं होय झालं, न्हाईचं नाही झालं, लईचं खूप झालं. मी ते माझं यश समजत होतो. कान गेल्यावर तिची मूळची बोली परत आली, हे मला दिसत होतं, पण त्याचं कारण मी वयावर ढकललं होतं. कारण सरळ होतं. माझं दुरुस्त करणं तिला ऐकू येत नव्हतं.

तिचा कान जेवढा उरला होता तेवढा चोख काम करत होता. शब्द तिला कळत होते. मी मात्र प्रत्येक कळलेल्या शब्दागणिक पट्टी वर ढकलून तिच्या कानात भांडी आपटत होतो.

मी पट्ट्या खाली आणल्या. म्हटलं, आता पुन्हा नीट करू. आणि शहाणपणानं, तिच्या पद्धतीनं म्हणालो, "पानी."

तिची पाठ ताठ झाली. शाळेत उभं केल्यासारखी. तिनं जीभ नीट वळवून, सावकाश उत्तर दिलं, "पाणी."

"लोनी."

"लोणी."

मला कळेना की हिला आता ऐकू येतंय, की माझं मन राखायला ती बरोबर उत्तर देते आहे. आवाज माझा असला की ती माझी परीक्षा देणार. तिला खरोखर काय ऐकू येतं, ते मला माझ्या तोंडानं कधी कळणार नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

"उठा तिथनं," बहीण म्हणाली. तिनं मला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसली. मी पडद्यापाशी स्टुलावर. तिनं माझे शब्द घेतलेच नाहीत. ती आपली सुरू झाली, हळू आवाजात, जशी रोज फोनवर व्हायची. "आक्का, काळ्या गायीला कालवड झाली."

"कवा?" हिनं विचारलं.

"सोमवारी. आन् माझ्या त्या चुलतसासूनं पुन्हा दात बशिवलं."

"पयले कुठं गेलं?"

"गिळलं आसंल. तिचा काय नेम."

ही उत्तरं देत होती. परत म्हणत नव्हती, उत्तरं देत होती. एखादं वाक्य निसटलं की "आं?" म्हणायची, मी एक पट्टी जराशी सरकवायचो, बहीण तेच पुन्हा सांगायची. शिट्टी आली की खाली. मला फक्त हात चालवायचा होता. दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघं असे बसलो होतो, आणि त्या दोघींच्या बोलण्यात मला एकदाही कोणी काही विचारलं नाही.

मध्येच ही थांबली आणि म्हणाली, "आता तू जवळ बसल्यावानी वाटतीस."

"जवळच बसलीया की गं," बहीण म्हणाली. दोघी पुन्हा हसल्या. मी ती रांग साठवून ठेवली, या वेळी तीन ठिकाणी.

जुनी सेटिंग मीच घालवली होती, हे मी बायकोला त्यानंतर दोन दिवसांनी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला वाटलंच हुतं. नगरवाल्या भाऊचं बरं हुतं." आणि थोड्या वेळानं, "पोरीला सांगा तेवढं. ती मला हट्टी म्हनती."

मुलीला फोन केला. सगळं सांगितलं, बटण, ण आणि न, पट्ट्या, सगळं. ती पलीकडे हसली. "बाबा, तुम्ही पण ना. आईला किती सांभाळून घेता." मी म्हणालो, अगं, खरंच असं झालं. ती म्हणाली, "बरं बरं." नंतर एका लग्नात मेहुण्यांनाही सांगून पाहिलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि इतरांना सांगितलं की सर या वयातही कॉम्प्युटरचा ड्रायव्हर स्वतः बनवतात. त्यांच्या लेखी मी आणखी मोठा झालो, आणि ती होती तिथेच राहिली. त्या लग्नातही तिच्या कानात मशीन नव्हतं, त्यामुळे मी कोणाला काही पटवण्याच्या स्थितीत नव्हतो.

नव्हतं, कारण ती ते फक्त सकाळी घालते. तिकडच्या धारा झाल्या की मिसरीची डबी उघडते, मशीन कानात बसवते, मोबाईल स्पीकरवर टाकून समोर ठेवते. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसतो, पण वाचत नाही. आत लई, व्हय, न्हाई, आसं कसं गं, असं चाललेलं असतं. या घरात एवढं भरभर बोलणारं माणूस राहतं, हे मला या वयात समजलं. घोडेगावहून आणलेली गाय दूध चोरते म्हणे, धारेला बसलं की आखडून धरते. त्यावर तीन दिवस बोलणं झालं.

बोलणं संपलं की ती मशीन काढते आणि डबीत ठेवते.

परवा मी धीर करून विचारलं. कानाशी जाऊन, मोठ्यानं. "दिवसभर का नाही घालत? आता तर त्रास होत नाही ना?"

"न्हाई, त्रास कसला," ती म्हणाली. डबीचं झाकण तिनं बोटानं दाबून बसवलं. "पन घरात घालून काय करू? तुमचं सगळं पाठ हाय मला."

तिच्या स्वरात राग नव्हता. दूध उतू गेलं नाही ना ते बघायला ती आत गेली. मी थोड्या वेळानं तिच्यामागे गेलो, माठातून भांडं भरून घेतलं आणि तिच्या हातात दिलं. तोंडानं काही म्हणालो नाही.